केक घरचा, पण डबा कोणता?

परवा धर्मापुरीत एका घरी रुग्ण पाहायला गेलो. नातवाच्या वाढदिवसासाठी आजीबाई चुलीवर, वाळूच्या पातेल्यात रव्याचा केक भाजत होत्या. दही व खाण्याचा सोडा एकत्र आले, की कार्बन डायऑक्साइड वायू सुटून पीठ फुगते. कृती उत्तम, पण डबा ऑइलपेंटचा! रंगात शिसे असू शकते. ते मुलांच्या मेंदूला कायमचा अपाय करते, आणि डबा कितीही घासला तरी खात्री देता येत नाही. कीटकनाशकाचा डबा तर स्वयंपाकघरात आणूच नये. जस्ताचा मुलामा दिलेले भांडेही टाळावे. स्टीलचा साधा डबा तूप लावून निम्मा भरावा. सोड्यात सोडियम असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी तुकडा लहानच घ्यावा. आजीबाईंनी हळहळत तो केक टाकला आणि स्टीलच्या डब्यात दुसरा लावला.