ओवीचे मोल : नरेंद्रकवीच्या एका नकाराचा विचार

श्रीनागदेवाचार्यांच्या आठवणींचा संग्रह असलेल्या ‘स्मृतिस्थळा’त नरेंद्रकवीचा जो प्रसंग आला आहे, तो पंथीयांच्या नित्य परिचयाचा आहे. परिचयाचा असल्यामुळेच त्याच्याकडे आपण पुरेशा बारकाईने पाहत नाही. लेखन कोणासाठी करावे, हा प्रश्न त्या प्रसंगात जितक्या उघडपणे उभा राहिला आहे, तितका आपल्या वाङ्मयात अन्यत्र क्वचितच राहिला असेल.

प्रसंग थोडक्यात असा. देवगिरीच्या रामदेवरायाच्या सभेत नरेंद्र, साल व नृसिंह हे तिघे बंधू कवी म्हणून वावरत होते. नरेंद्राने इ.स. 1292च्या सुमारास श्रीकृष्ण व रुक्मिणी यांच्या विवाहावर ओवीबद्ध ग्रंथ रचला आणि तो राजास ऐकविला. राजा अत्यंत संतोषला. या ग्रंथावर आमचे नाव असावे, त्याबद्दल ओवीगणिक सोन्याचे नाणे देऊ, अशी इच्छा त्याने प्रकट केली. नरेंद्राने ती मान्य केली नाही. असे केल्यास आमच्या कविकुळास दोष लागेल, या आशयाचे उत्तर त्याने दिले. परंतु राजसभेत नकार देणे सोपे असले तरी राजाच्या हातून पोथी सोडवून आणणे सोपे नसते. परंपरा सांगते की, बंधूंनी एका रात्रीत जेवढा उतरून घेता आला तेवढा ग्रंथ उतरून घेतला, आणि पुढे नरेंद्र आचार्यांस शरण येऊन अनुसरला. साती ग्रंथांत गणले जाणारे आजचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ नऊशे ओव्यांच्या आतबाहेर भरते.

कवी निर्लोभ होता, एवढेच तात्पर्य काढून पुष्कळदा निरूपण पुढे सरकते. पण येथे एक शंका उपस्थित होते, आणि ती टाळण्याजोगी नाही. राजाने ग्रंथ नष्ट करण्यास सांगितले नव्हते. श्रीकृष्णकथेतील एक अक्षरही तो बदलू इच्छीत नव्हता. त्याला हवे होते केवळ नाव. ज्या मार्गात अहंकार हा साधकाचा मोठा वैरी मानला आहे, त्या मार्गाकडे निघालेल्या पुरुषाने नावापुरते एवढे अडून का बसावे? सोने नाकारले हे ठीक, परंतु नाव राखले, तो अहंकारच नव्हे काय?

या शंकेचे समाधान त्याच्या उत्तराच्या शब्दांतच आहे. ‘माझी कीर्ती जाईल’ असे तो म्हणत नाही. कुळास बोल लागेल असे म्हणतो. ज्याने ओवी रचली नाही त्याने ती रचली असे लिहिणे, हे असत्य होय. आणि परमेश्वराच्या लीळेचे वर्णन असत्याच्या शिक्क्याखाली लोकांत फिरावे, हे त्याला असह्य होते. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. राजाचे नाव त्या ग्रंथावर चढले असते, तर वाचकाच्या मनात प्रथम राजाची थोरवी उभी राहिली असती आणि श्रीकृष्ण त्या थोरवीचे भूषण झाले असते. मोल घेतल्याने ओवी विकली जाते इतकेच नव्हे. तिचे मुख ज्याच्याकडे होते त्याच्याकडून ते दुसरीकडे वळते. नरेंद्राने राखले ते हे मुख. स्वतःच्या नावाचा लोभ असता, तर अर्धामुर्धा ग्रंथ घेऊन भिक्षेच्या मार्गास लागण्याऐवजी त्याच सभेत दुसरा ग्रंथ रचून मान मिळविणे त्यास काय कठीण होते?

याच विषयावर त्यापूर्वी महदाइसेने धवळे गायिले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. ऋद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहक्रीडेच्या प्रसंगी ते रचले गेले. समोर श्रीप्रभू, त्यांची प्रवृत्ती झालेली, आणि गाणारी एक भक्त स्त्री. तिला ना सभा होती, ना मोल देणारा कोणी. आद्य मराठी कवयित्री म्हणून पुढे तिचा गौरव होईल, याची तिला कल्पनाही नसावी. नरेंद्राची रचना अलंकारांनी समृद्ध आहे, महदाइसेची साधी आहे. परंतु एकीला जे सहज लाभले, ते दुसऱ्याला राजवाड्याबाहेर पडून मिळवावे लागले.

मात्र निर्मोल लेखन म्हणजे जबाबदारीवाचून केलेले लेखन, असा समज होऊ नये. आपल्या पंथात तर त्याची कसोटी अधिकच कठोर होती. भास्करभट्ट बोरीकरांनी 1087 ओव्यांचा ‘शिशुपाळवध’ रचला. त्यातील शृंगार पाहून, ग्रंथ चांगला असला तरी निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असे गुरुबंधूने त्यांना स्पष्ट सांगितले. भास्करभट्टांनी तो अभिप्राय मानला व पुढे ‘उद्धवगीता’ रचली. पैसे देणारा वाचक बहुधा इतके स्पष्ट बोलत नाही. त्याला ग्रंथ आवडला नाही तर तो दुसरा घेतो. केशोबासांसारख्या संस्कृतज्ञासही आचार्यांनी मराठीकडे वळविले, कारण संस्कृत रचनेने सामान्य म्हातारी स्त्री वंचित राहिली असती. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्याही मनास येईल तशा नव्हेत. ज्याच्यासमोर लीळा घडली त्याच्याकडे जाऊन विचारणे, आणि आचार्यांकडून ती शोधून घेणे, असा तो क्रम होता. म्हाइंभट स्वतः विद्वान व संपन्न गृहस्थ होते. ‘लीळाचरित्रा’ने त्यांना पायपिटीखेरीज काय दिले, हे व्यवहारी मनुष्याने विचारावे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला फारशी सोयीची नाही, तीही सांगितली पाहिजे. बाजारापासून ग्रंथ राखण्याची ही वृत्ती पुढे सकळ लिपीपर्यंत गेली. धर्मरक्षणाची निकड त्यामागे होती, आणि त्या काळच्या संकटांत तिचे कारणही होते. परंतु परिणाम असा झाला की, मराठीचे हे आद्य गद्य व काव्य विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत महाराष्ट्राला जवळजवळ अज्ञात राहिले. न विकणे आणि न देणे यांत अंतर आहे. नरेंद्राने ग्रंथ विकला नाही. पण त्याने तो राजास आधी मोकळ्या मनाने ऐकविला होता, हे आपण विसरतो.

आजही दात्याच्या नावे चरित्रे व स्तोत्रे लिहून देण्याची विनंती एखाद्या अभ्यासकाकडे येते. छपाईचा सर्व खर्च दाता करणार, ग्रंथ भाविकांत विनामूल्य वाटला जाणार, आणि मुखपृष्ठावर ‘लेखक’ म्हणून नाव मात्र त्याचे. हेतू पुण्याचा असतो, आणि खर्चाच्या अडचणीने मन डळमळतेही. दात्याचे नाव अर्पणपत्रिकेत वा ऋणनिर्देशात आनंदाने घालावे. तेथे ते सत्य असते. लेखकाच्या जागी ते घालण्याची वेळ आली, म्हणजे देवगिरीच्या त्या सभेतलाच प्रश्न आपल्या पुढ्यात आलेला असतो. फरक एवढाच की, सोन्याच्या नाण्याऐवजी आता छापखान्याचे बिल असते.