🌾 *शेतकरी सल्ला: ब्राउजर कोणता, घरचा कॉम्प्युटर कसा लावायचा आणि सातबाऱ्याची साइट खरी कशी ओळखायची*



भातकापणी, झोडणी उरकली. वाल पेरून झाले. आता हातात थोडा वेळ आहे, म्हणून आज खत-फवारणी बाजूला ठेवून वेगळा विषय घेतो. सातबारा, फेरफार, पीएम किसान, महाडीबीटी ही सगळी कामं आता ब्राउजरमधूनच होतात. पनवेल तालुक्यात जमिनीला काय भाव आलाय हे आपल्याला सांगायला नको. त्यामुळे चुकीच्या साइटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकला तर नुकसान एका हप्त्यापुरतं राहत नाही. संदेश मोठा आहे, सावकाश वाचा.

*१) ब्राउजर म्हणजे काय?*
साइट उघडून दाखवणारं ॲप म्हणजे ब्राउजर. उदाहरणार्थ क्रोम, एज, फायरफॉक्स. गूगल हा ब्राउजर नाही, ते शोधून देणारं आहे. शोधल्यावर सगळ्यात वर "प्रायोजित" असं लिहिलेलं दिसलं तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. पहिली दिसली म्हणून ती सरकारी ठरत नाही.

*२) कोणता घ्यायचा?*
क्रोम आणि एज आतून एकाच पायावर बांधलेले आहेत, म्हणून साइट दोन्हीत सारखीच चालते. फायरफॉक्सचा पाया वेगळा आहे. माझा सल्ला असा: रोजच्या कामाला क्रोम किंवा एज ठेवा, जोडीला फायरफॉक्स टाकून ठेवा. एकात साइट अडकली की दुसऱ्यात उघडून बघा. तिथेही नाही उघडली तर रात्री किंवा पहाटे प्रयत्न करा, तेव्हा गर्दी कमी असते. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही मराठीत करता येतात, सेटिंगमध्ये "भाषा" बघा. "एकदम फास्ट" म्हणून कोणी पाठवलेला अनोळखी ब्राउजर टाकू नका. पुष्कळांच्या फोनमध्ये असलेल्या यूसी ब्राउजरवर सरकारने जून २०२० मध्येच बंदी घातली आहे. अजून असेल तर काढून टाका.

*३) पत्ता शेवटून वाचा (आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा)*
आपण पत्र लिहितो तेव्हा शेवटी काय असतं? ता. पनवेल, जि. रायगड. घरावर "कर्नाळा" अशी पाटी कोणीही, कुठेही लावेल. पण तालुका-जिल्हा वाचला की घर नेमकं कुठलं ते कळतं. साइटचंही तसंच आहे. वरच्या पट्टीतला पत्ता पहिल्या तिरप्या रेषेपर्यंत बघा आणि शेवटून वाचा. शेवट *डॉट जी-ओ-व्ही डॉट आय-एन* असेल तर ती सरकारी साइट. हा शेवट फक्त सरकारी यंत्रणांनाच मिळतो.

सुरुवातीला "पीएमकिसान" किंवा "महाभूमी" लिहिलंय पण शेवट डॉट कॉम किंवा डॉट ऑनलाइन आहे, तर तिथे आधार नंबर टाकू नका. पट्टीतल्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका. कुलूप म्हणजे वाटेत तुमची माहिती कोणी वाचू शकत नाही एवढंच. समोरचा माणूस प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही.

*४) कोणती साइट कशासाठी?*
▪️ भूलेख महाभूमी: सातबारा फुकट बघायला मिळतो, पण तो फक्त माहितीसाठी.
▪️ डिजिटल सातबारा महाभूमी: सही असलेला उतारा, एका प्रतीला १५ रुपये. सरकारी आणि बँकेच्या कामाला हा घ्या.
▪️ आपली चावडी: गावातल्या फेरफाराच्या नोटिसा. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. महिन्यातून दोनदा आपलं गाव निवडून बघत जा. आपल्या गट नंबरवर काही चाललं असेल तर ते वेळेत कळायलाच हवं.
▪️ पीएम किसान: हप्ता आणि ई-केवायसी.

खरी साइट एकदा उघडली की बुकमार्क करून ठेवा. पुढच्या वेळी शोधायला नको.

*५) घरचा कॉम्प्युटर*
पोरांच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात पडून असेल तर तो असा लावा:
▪️ *विंडोज कोणती ते बघा.* विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले, त्यावर नवा क्रोमही चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन विंडोज ११ घेत असेल तर ती टाका. घेत नसेल तर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली जाणकाराकडून टाकून घ्या, त्यात फायरफॉक्स आधीपासूनच असतो. टाकण्याआधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर काढून घ्या.
▪️ *निळा "ई" विसरा.* इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.
▪️ *तारीख तपासा.* प्रत्येक साइटला "कनेक्शन सुरक्षित नाही" येत असेल तर आधी घड्याळ बघा. बरेच दिवस बंद राहिलेल्या मशीनमधला बटणासारखा छोटा सेल संपतो, तारीख मागे जाते आणि ब्राउजर साइटवर विश्वास ठेवत नाही. सेल स्वस्तात मिळतो. दुरुस्तीवाल्याने मोठा खर्च सांगायच्या आधी हे बघून घ्या.
▪️ *पोरांचं खातं वेगळं ठेवा.* गेमसोबत आलेली घाण तुमच्या बँकेच्या कामात नको.
▪️ *उतारा उघडत नाही?* ब्राउजरने नवी खिडकी अडवलेली असू शकते. परवानगी फक्त त्या एका साइटला द्या. इतर साइटने "सूचना पाठवू का?" विचारलं तर नाही म्हणा.

*६) हे करू नका*
❌ "पीएम किसान" नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर आली तर उघडू नका, मग ती भावाकडून आलेली असली तरी. अशी फाइल फोनमधले ओटीपीचे मेसेज वाचते. भावाचाही फोन फसलेला असू शकतो. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या.
❌ सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड "सेव्ह" करू नका. काम झालं की लॉगआउट करा, उतरवलेला सातबारा आणि आधारची फाइल डिलीट करूनच उठा.

*फसवणूक झालीच तर* लाजू नका, थांबू नका. लगेच *१९३०* वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

✅ *आजचं काम:* फोनमध्ये ब्राउजर अपडेट करा, आपली चावडी उघडा, पत्ता शेवटून वाचा आणि आपल्या गावाच्या नोटिसा बघा. दहा मिनिटं लागतील. जमलं नाही तर अडलेल्या पानाचा स्क्रीनशॉट मला पाठवा. त्यात आधार नंबर आणि ओटीपी दिसणार नाही एवढं बघा.

पुढच्या संदेशात वालावरच्या माव्याबद्दल बोलू.

आपला,
कृषी सल्लागार, कर्नाळा