म्हातारपणचा खांदा

नांदेड-लातूरकडील खेड्यांत एखाद्या वृद्धाचा हात वर जाईनासा झाला म्हणजे घरांतील मंडळी 'वाताचें दुखणें' असें म्हणून तेल चोळावयास बसतात. परंतु शरीरशास्त्राचा थोडा अभ्यास केला असतां या वाताच्या पोटीं पुष्कळदां निराळेंच कांहीं असतें असें दिसून येतें.

खांद्याचा सांधा मोठा विलक्षण आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि ज्या वाटीवर तो टेकतो ती अगदीं उथळ. बशींत लिंबू ठेवावें तसा हा प्रकार. म्हणूनच हात चहूंकडे फिरतो. पण गोळा जागेवर राखण्याचें काम मुख्यतः फऱ्यापासून निघणाऱ्या चार लहान स्नायूंचें आहे. त्यांचीं टोकें चिवट दोरासारखीं होऊन हाडास बिलगतात; त्यांस कंडरा म्हणतात. खांद्यावरील मोठा स्नायु हात उचलूं लागला कीं गोळाही वर सरकूं पाहतो, आणि हे चौघे त्यास वाटींत दाबून धरतात.

आतां, चाळिशीच्या सुमारास स्नायूंचें मांस हळूहळू झडूं लागतें व साठीनंतर ही झीज अधिक वेगानें होते. आयर्विन रोझेनबर्ग यांनीं १९८९ सालीं तिला 'सार्कोपेनिया' हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ मांसाची उणीव. कंडराही वयोमानानें जीर्ण होते. राखण करणारे चौघेच दुबळे झाल्यावर ओझ्याचा ताण जीर्ण दोरावर पडतो, आणि एके दिवशीं घागर उचलतांना तो फाटतो. दोष मात्र घागरीवर येतो! २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. तसल्या टंचाईंत घागर वृद्धांच्याही हातीं येते.

ज्यांचे स्नायु अधिक झिजलेले, त्यांच्या कंडरेची फाटही मोठी, असें कांहीं संशोधकांस आढळलें आहे. मात्र झीज आधीं कीं फाट आधीं, हा वाद मिटलेला नाहीं. दुखतो म्हणून हात वापरावयाचा नाहीं, आणि वापर नाहीं म्हणून स्नायु आणखी सुकावयाचा! फाटलेल्या कंडरेचा स्नायु आखडतो, त्यांत चरबी शिरते; मग शस्त्रक्रियेनें सांधूनही पूर्वीचें बळ येईलच असें नाहीं.

यास्तव वैद्यकीय सल्ल्यावांचून आजोबांचा हात महिनेच्या महिने गळ्यांत बांधून ठेवणें आम्हांस अहितकारक वाटतें. पडल्यावर हात एकाएकीं उचलेनासा झाला तर विलंब न करतां डॉक्टरांस दाखवावें. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. हळूहळू वाढलेल्या दुखण्यांत बहुधा तज्ज्ञाच्या देखरेखीखालील हलका व्यायाम हाच पहिला उपचार असतो. आहाराचीही गोष्ट आहे. वृद्धांस दररोज वजनाच्या दर किलोमागें निदान १ ग्रॅम प्रथिन हवें असें तज्ज्ञ सांगतात. लातूर तर डाळीच्या गिरण्यांचें गांव. पण दांत पडलेल्या आजींच्या ताटांत बहुधा मऊ भात आणि वर पाण्यासारखें वरण!