बुश बदलला, पण बोल्ट कधी कसला?

रत्नागिरीहून शिरगाव, काळबादेवी करीत गणपतीपुळ्याकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचा आहे. आरेची पुळण मागे पडली की रस्ता डोंगराच्या अंगाने चढतो, माथ्यावरून दोन्हीकडची पुळण आणि सुरूचे बन दिसते, आणि मग वळणे घेत तो वारेच्या बाजूस उतरतो. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, आणि आपण गाडीही डाव्या बाजूनेच चालवितो. म्हणजे दरी आपल्या बाजूस. याच उतारावर आमच्या जुन्या हेरल्डने ब्रेक दाबताच डावीकडे तोंड वळविले. गाडीत घरची मंडळी होती. स्टिअरिंग घट्ट धरले म्हणून गाडी रस्त्यावर राहिली, पण वारेपर्यंत कोणी एक शब्द बोलले नाही.

विशेष असे की या गाडीच्या पुढच्या आर्मचे सगळे बुश आम्ही सातच महिन्यांपूर्वी बदलून घेतले होते. माल चांगला होता, पैसे रोख मोजले होते, पावतीही होती. मग चुकले कोठे? गॅरेज चालविणाऱ्या बांधवांना आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या व्यापाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हा तजुर्बा येथे सविस्तर मांडीत आहोत.

प्रथम गाडीविषयी थोडे. हेरल्ड मूळची इंग्लंडची, १९५९ सालची. तिचा आकार इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी काढला. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने बनविली. याच हेरल्डची चासी आखूड करून इंग्लंडमध्ये १९६२ साली ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार निघाली. तिच्या पुढच्या चाकांची बांधणी हेरल्डचीच. म्हणून स्पिटफायरवाल्यांसाठी परदेशात आजही जे बुश बनतात ते हेरल्डच्या मालकाच्याही कामी येतात. मात्र जुना बुश सोबत नेऊन व्हर्निअरने माप जुळविल्याशिवाय माल घेऊ नये.

आता बुश म्हणजे काय ते पाहू. पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात. त्यांची आतली टोके चासीला बोल्टने धरलेली असतात आणि चाक वरखाली होते तसे आर्म त्या बोल्टभोवती हलतात. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबराचा बुश असतो. एका बाजूस वर दोन, खाली दोन, म्हणजे पुढचे मिळून आठ. खालच्या बुशाच्या आत पोलादी नळी असते आणि रबर तिला भट्टीतच चिकटविलेले असते. मिस्त्री लोक याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. बोल्ट कसला की आतली नळी जागेवर पक्की धरली जाते, ती फिरत नाही. बाहेरचा भाग आर्मबरोबर फिरतो. मधले रबर पिळले जाते आणि सुटले की परत येते. येथे काही घसरत नाही, घासत नाही, फक्त रबराला पीळ बसतो. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सगळे समजते.

आमचा धंदा कापडाचा. अस्तराचे कापड पाण्यातून न काढता तसेच शिवले तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि चांगला कोट ओढला जातो. कापड खोटे नसते, शिलाईही खोटी नसते, पण ताण आधीच शिवला गेलेला असतो. आमच्या बुशांचे नेमके हेच झाले.

ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना गाडी दाखविली. त्यांना गावात सगळे चाचाच म्हणतात. त्यांनी चासीला स्टँड लावले, चाक काढले, आर्म आणि चासीच्या मध्ये टॉमी घालून दाबली. डाव्या खालच्या आर्मचा मागचा बुश बोटभर सरकला. बाहेर काढला तर रबर नळीपासून गोलाकार फाटलेले.

चाचा म्हणाले, “शेठ, हा बुश झिजून गेला नाही. कसतानाच मेला.”

आम्ही म्हटले, “चाचा, नवा कोरा होता. आमच्या डोळ्यांदेखत बसविला.”

“गाडी तेव्हा जॅकवर होती की चाकांवर?”

गाडी जॅकवर होती. चाके लोंबकळत होती, आर्म खाली झुकलेले होते, आणि त्याच अवस्थेत कारागिराने सगळे बोल्ट जोर लावून कसले होते. कसताक्षणी आतली नळी त्या झुकलेल्या स्थितीत पक्की झाली. मग गाडी खाली उतरविली, वजन आले, आर्म वर गेले आणि रबराला पीळ बसला. गाडी उभी असली तरी तो पीळ सुटत नाही. रस्त्यावर खड्डा आला की आर्म आणखी वर जातो, म्हणजे पिळात पीळ. रात्रंदिवस पिळलेले रबर किती दिवस टिकणार? त्या वेळी गाडीचे नाक जरा वर उचललेले दिसत होते आणि नव्या बुशांमुळे गाडी तरणी झाली असे आम्हांस सांगण्यात आले होते. आम्ही खूशही झालो होतो! वास्तविक पिळलेले रबर स्प्रिंगसारखे आर्मला खाली ढकलीत होते.

डावा बुश फाटल्यावर ब्रेक दाबताच ते चाक मागे सरके आणि गाडी त्या अंगास ओढली जाई. त्याआधी खुणा मिळाल्या होत्या, त्या आम्ही वाचल्या नाहीत. ब्रेक लावताना एकदाच ‘टक्’ असा आवाज येई. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखे सांभाळावे लागे. डाव्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा लवकर गुळगुळीत झाली होती.

चाचांनी काम कसे केले ते सांगतो. समुद्रकाठच्या गाडीत पहिली अडचण गंजाची. बोल्ट आतल्या नळीत धरून बसतो. त्यांनी दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडविणारे तेल सोडले. तरीही एक बोल्ट करवतीने कापावा लागला. जॅकखाली त्यांनी जाड फळी टाकली, कारण पावसाळ्यानंतरच्या ओल्या तांबड्या मातीत जॅक एकीकडे बसतो. स्टँड चासीखाली लावले. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याला ते कामावर ठेवीत नाहीत.

शॉकअप आणि स्प्रिंग ही जोडी त्यांनी अख्खी बाहेर काढली. वरचे तीन नट आणि खालचा एक बोल्ट सोडला की ती निघते. शॉकअपच्या दांड्यावर जो मधला नट असतो त्याला मात्र हात लावायचा नाही. त्याच्याखाली स्प्रिंग दाबून भरलेली असते. तो सोडला तर ती सुटून माणसाला कायमचे जायबंदी करू शकते. खालच्या आर्मचे ब्रॅकेट आणि चासी यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. चाकाचा कल त्यांवर ठरतो. त्या जशा निघाल्या तशा मोजून, दोऱ्यात ओवून, ‘डावा पुढचा’, ‘डावा मागचा’ अशा चिठ्ठ्या लावून ठेवल्या. आमच्या दुकानात ठाणांना चिठ्ठी लावतात तसेच. हे पाहून आमचा अर्धा जीव भांड्यात पडला.

जुना बुश जाळून काढण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. धूर वाईट, आणि रंग जळालेला आर्म खाऱ्या हवेत लगेच गंज धरतो. चाचांनी बुश वाईसमध्ये दाबून काढला. एका बाजूस बुशापेक्षा किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूस बुश आत मावेल एवढा मोठा सॉकेट, आणि वाईसचा दांडा फिरविला. नवा त्याच रीतीने, पण सरळ धरून बसविला. रबराला त्यांनी साबणाचे पाणी लावले. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, रबर फुगते. ग्रीस बोल्टच्या अंगाला मात्र पातळसे लावले, म्हणजे पुढल्या वेळी करवत लागणार नाही.

मग आर्म जागेवर लावून सगळे बोल्ट फक्त हातभर आवळले. चाके चढविली, गाडी खाली उतरविली, दोनचार हात पुढेमागे ढकलली, पुढून दाबून हलविली, म्हणजे आर्म आपापल्या जागी बसले. पुढच्या सीटवर दोन माणसे बसविली, त्यांत एक आम्ही. आणि मग चाचांनी बोल्ट कसले. हेरल्डचे सबंध बॉनेट मडगार्डासह पुढे उलटते, त्यामुळे चाके जमिनीवर असतानाही पाना आत जातो. दुसऱ्या गाडीला खड्डा किंवा रॅम्प लागेल. एवढाच काय तो कष्टाचा फरक, आणि त्यासाठी आम्ही सात महिन्यांत दोनदा पैसे मोजले.

काम दोन्ही बाजूंचे एकदमच करावे. एकीकडे नवे आणि दुसरीकडे जुने ठेवले तर गाडी ओढणारच. नंतर अलाइनमेंट पाहून घ्यावे.

मालाविषयी दोन शब्द. जुन्या भागांच्या बाजारात साठ-सत्तरच्या दशकातले सीलबंद बुश कधी कधी मिळतात आणि ‘अस्सल कंपनीचे’ म्हणून भाव चढवून सांगितले जातात. रबर डब्यातही म्हातारे होते. गोदामात वर्षानुवर्षे घडी पडलेले ठाण घडीवर फाटते, तसेच हे. काठ वाकवून पाहावा. बारीक भेगा दिसल्या किंवा नख अजिबात रुतले नाही तर सील कितीही सुंदर असो, माल परत करावा. टायरच्या तुकड्यातून कापलेले बुशही आम्ही पाहिले आहेत. त्यात नळीला चिकटविलेले रबर नसते, म्हणून ते आमच्या हिशेबी बुशच नव्हेत.

हल्ली पॉलियुरेथेनचे रंगीत बुश मिळतात. ते नळीभोवती फिरतात, पिळले जात नाहीत, म्हणून जॅकवर कसले तरी चालते. तेलाने खराब होत नाहीत आणि शर्यतीची हौस असणाऱ्यांना गाडी घट्ट लागते. पण सिलिकॉन ग्रीस न लावल्यास चिरचिरतात आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का पाठीपर्यंत पोचवितात. कुटुंबासह कोकणातल्या रस्त्यांवर फिरणाऱ्याने रबरच घ्यावे असे आमचे मत आहे.

बुश काढलेच आहेत तर आणखी एक जागा पाहावी. हेरल्ड, स्पिटफायर या गाड्यांत चाक वळते ते खाली पेच असलेल्या एका पितळी रंगाच्या तुकड्यात, त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात उभा पोलादी खांब फिरतो. त्याला ग्रीस नव्हे, गिअरचे नव्वद नंबरचे तेल द्यावयाचे असते. ग्रीस पेचांत नीट पोचत नाही, पाणी शिरते, खांब आतून गंजतो आणि एके दिवशी तुटून चाक आडवे होते. समुद्रकाठी ही भीती दुप्पट. डाव्या-उजव्या बाजूचे पेच उलटसुलट असतात, अदलाबदल करू नये. आमच्याकडे ग्रीसच भरलेले निघाले. खांब सुदैवाने शाबूत होता.

आपल्या गॅरेजवाल्या बांधवांना एक धंद्याची गोष्ट सांगावीशी वाटते. खाजगी गाडीला पंधरा वर्षे झाली की तपासणी होऊन पुढे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजे जुनी गाडी ठेवणारा मनुष्य दुरुस्तीला येणारच, आणि तो एकदा विश्वासला की दुसरीकडे जात नाही. या कामाला मोठी मशिनरी नको. मजबूत वाईस, सॉकेटचा संच, स्टँड आणि चिठ्ठ्या लावण्याची शिस्त पुरते. काढलेला बुश गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि बोल्ट कसताना त्यालाच पुढच्या सीटवर बसवावे. त्याचे वजनही कामी येते आणि काम कसे झाले हे तो आपल्या डोळ्यांनी पाहतो.

चाचांनी पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलाविली, पुन्हा चाकांवर उभी ठेवूनच प्रत्येक नटाला पाना लावून पाहिला. एक नट पाव आटा फिरला. बाकीचे जागचे हलले नाहीत. त्यानंतर आम्ही आरे-वारेच्या उतारावर, रस्ता मोकळा पाहून, मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली.