मागासलेल्या दोन जिल्ह्यांची वाटचाल

मागासलेपणाचा विषय निघाला की आपण वर्ध्याकडची माणसे लगेच गडचिरोलीकडे बोट दाखवतो. बँकेत आम्ही रोज पासबुके भरतो. शेवटची शिल्लक पाहून खात्याची चाल कळत नाही, मागची पाने उलटावी लागतात. म्हणून गडचिरोलीशेजारी नंदुरबार ठेवून पाहू.

राज्याच्या २००२ च्या मानव विकास अहवालात गडचिरोली सर्वांत खाली होता. २०१२ च्या अहवालात त्या जागी नंदुरबार आला आणि गडचिरोली एक पायरी वर. साक्षरता २००१ साली गडचिरोलीत ६० टक्के, नंदुरबारात ५६ टक्के. २०११ साली ७४ आणि ६४. म्हणजे चारचे अंतर दहावर गेले. अर्थात नंदुरबारात आदिवासी सुमारे ६९ टक्के, गडचिरोलीत ३९; तेव्हा तुलना अगदी सारख्यांची नव्हे, हे कबूल केले पाहिजे.

गडचिरोलीतील एक काम मात्र सांगावेसे वाटते. आपल्याच वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी आणि त्यांच्यासोबत डॉ. राणी बंग यांनी तेथे ३९ गावांतील बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्यास शिकविले. हजारी बासष्टच्या आसपास असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत सव्वीसच्या आसपास आले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले. आज आपल्या वस्तीत बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन येणारी आशाताई तेच काम करते.