नीट हुकली, पण जंगलातला ताप अजून तिथेच आहे

नीटमध्ये गुण कमी पडले की घरात सुतक पडल्यासारखं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे : तुमच्याच जिल्ह्यांना ज्याची फार गरज आहे, त्या साथरोगतज्ज्ञाच्या कामासाठी एमबीबीएस हा एकमेव रस्ता नाही.

डॉक्टर तापाने फणफणलेल्या रुग्णाला तपासतो. साथरोगतज्ज्ञ विचारतो, ताप याच टोल्यावर का? पावसाळ्यानंतरच का? शेतात जागलीला जाणाऱ्यांनाच का? राज्यातल्या हिवतापात गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिला आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागडात मच्छरदाण्या वाटून भागत नाही, माणसं रात्री कुठे झोपतात तेही कळावं लागतं. माडिया बोलणारी मुलगी ते चुलीपाशी बसून विचारू शकते. शहरातल्या पदवीधराला आधी दुभाषा शोधावा लागतो.

नवे आजारही दूर नाहीत. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना नवा विषाणू सापडला. पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली, ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. कारण निघालं तेच, चांदीपुरा. तो पसरवणारी बारीक वालुमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. अशा भिंती आपल्याकडे किती आहेत, हे मुलांना सांगावं लागत नाही.

डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' उभी केली. बाळाचा न्यूमोनिया श्वास मोजून ओळखता येतो. पण आकडे न येणाऱ्या दाईने मोजायचं कसं? त्यांनी मणी आणि वाळूचं घड्याळ जोडून श्वासमापक बनवला. माझ्या मते या व्यवसायाचं मर्म त्यात आहे.

जीवशास्त्रात बीएस्सी केलेल्यांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत विषाणूशास्त्राचं, तर पुदुच्चेरीच्या कीटक नियंत्रण संशोधन केंद्रात आरोग्य कीटकशास्त्राचं एमएस्सी आहे. डॉक्टर, आयुर्वेद पदवीधर, नर्स यांच्यासाठी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. प्रवेशाच्या अटी त्या-त्या वर्षी तपासा. संख्याशास्त्राला मात्र घाबरू नका, त्याच्याशिवाय पान हलत नाही.

सुरुवातीच्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, पगार मुंबईच्या कंपनीसारखा नसतो आणि साथ आली की सणासुदीलाही गावोगाव फिरावं लागतं. हे मुलांपासून लपवू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आरोग्यसेवकाची परवानगी घ्या, एक दिवस त्याच्यासोबत रक्तनमुने घ्यायला मुलाला पाठवा. संध्याकाळी त्याने प्रश्नांची रांग लावली, तर फॉर्म भरा.