जाळ्यातले शब्द : दुकानदारासाठी इंग्रजीचा एक धडा



आपले पाचगणी हे शाळांचे गाव. किमिन्स, सेंट पीटर्स, बिलिमोरिया, संजीवन अशा शाळांत लांबलांबची मुले शिकायला येतात आणि आपल्यापैकी काही जण त्यांना गणवेशाचे कापड विकतात. मी उर्दू माध्यमात शिकलेला माणूस. तीस वर्षे गल्ल्यावर बसून साईझ, शेड, डिस्काउंट, डिलिव्हरी एवढी इंग्रजी आली. वाटले, एवढ्यावर निभावेल. पण १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, हिशेब संगणकावर गेला आणि माझी दुकानी इंग्रजी अपुरी पडली.

एका महिन्यात मी विक्रीचे विवरणपत्र स्वतःच भरायला बसलो. सर्व बिले चढवली, ‘सेव्ह’चे बटण दाबले. इतक्यात गिऱ्हाईक आले. परत येऊन पाहतो तर पडद्यावर ‘सेशन एक्सपायर्ड’. एक्सपायर्ड हा शब्द मी औषधाच्या बाटलीवर वाचलेला. वाटले, काम संपले असेल, आणि संगणक बंद केला. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी ११ ही शेवटची तारीख. ती गेली. वाईच्या ज्या दुकानदाराला मी ठोक माल दिला होता, त्याच्या खात्यात माझे बिल दिसेना. बिल दिसत नाही म्हणजे कराची वजावट नाही. त्याने कराएवढी रक्कम अडवून धरली आणि शब्द ऐकवले ते वेगळेच. मुलीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, “अब्बा, तुम्ही सेव्ह केलंत, पण फाईल कुठं केलंत?”

एका शब्दाने उधारी अडली आणि पतही गेली. तेव्हा ठरवले, हे शब्द पाठ करायचे नाहीत, समजून घ्यायचे. समजू लागलो तेव्हा कळले की यातले बरेच शब्द आपल्याच धंद्यातले आहेत. आपण आपल्या दुकानातून एक मागणी पाठवतो असे समजा आणि तिच्या वाटेवर जे शब्द भेटतील ते पाहू.

१. नेटवर्क : नेट म्हणजे जाळे. धाग्यांच्या किंवा तारांच्या जाळीकामाला इंग्रजीत पूर्वीपासून नेटवर्क म्हणत. आज संगणक एकमेकांना जोडले की त्यालाही तेच नाव. वेब हा शब्द तर सरळ मागावरचा आहे. त्याचा जुना अर्थ विणलेले कापड.

२. क्लायंट आणि सर्व्हर : क्लायंट म्हणजे गिऱ्हाईक, सर्व्ह करणे म्हणजे वाढणे, सेवा देणे. आपला फोन किंवा संगणक हा गिऱ्हाईक. दूर कोठेतरी ठेवलेला मोठा संगणक हा सर्व्हर, म्हणजे माल देणारा. ‘सर्व्हर बिझी’ असे आले तर समजावे की काउंटरवर गर्दी आहे. दोष आपल्या यंत्राचा नाही. थोडे थांबून पुन्हा मागावे.

३. रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स : मागणी आणि जबाब. ‘टाइम आउट’ म्हणजे मागणी गेली, पण ठरलेल्या वेळेत जबाब आला नाही. पैसे पाठवताना असे झाले तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नये. आधी खाते पाहावे, कारण पैसे गेलेले असू शकतात.

४. पॅकेट : नेटवर्कवर मोठा माल एकगठ्ठा जात नाही. त्याचे लहान लहान गठ्ठे होतात आणि प्रत्येकावर पत्ता असतो. साताऱ्याहून पाचगणीला माल पाठवायचा तर काही गठ्ठे वाईवरून पसरणी घाटाने येतील, काही मेढा-महाबळेश्वरवरून. कोणता आधी पोहोचेल सांगता येत नाही; म्हणून गठ्ठ्यांना क्रमही दिलेला असतो. सातवा आला नाही तर फक्त सातवाच पुन्हा मागवला जातो.

५. राउटर : रूट म्हणजे रस्ता. राउटर म्हणजे नाक्यावर बसून गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचणारा आणि ‘या रस्त्याने जा’ असे सांगणारा. दुकानात दिवे लुकलुकणारी जी पेटी असते, ती हीच.

६. प्रोटोकॉल आणि हँडशेक : प्रोटोकॉल म्हणजे व्यवहाराची ठरलेली रीत. आधी सलाम, मग जवाब, मग भाव. दोन संगणकही बोलण्यापूर्वी तीन पावले टाकतात : ‘बोलू का?’, ‘बोला, माझे ऐकू येते का?’, ‘येते’. याला हँडशेक म्हणतात, आपल्या भाषेत मुसाफा.

७. बँडविड्थ : बँड म्हणजे पट्टा, विड्थ म्हणजे रुंदी. कापडवाल्याला एका शब्दात सांगतो : पन्हा. ३६ च्या पन्ह्यात जे बसत नाही ते ५८ च्या पन्ह्यात बसते. पन्हा मोठा असला की एका वेळी जास्त माहिती जाते. घरात चार जण सिनेमा पाहत असतील तर आपल्या वाट्याला चिंधी उरते.

८. सायफर : गुप्त लिपी. हा शब्द अरबीतल्या सिफरवरून, म्हणजे शून्यावरून गेला. उर्दू शाळेत आपण तो पहिल्याच वर्षी शिकतो. बँकेचा निरोप अशा लिपीत जातो, म्हणून वाटेत कोणाला वाचता येत नाही. पण ओटीपी आपणच फोनवर सांगितला तर लिपी काय करणार?

९. सेशन : बैठक. ‘सेशन एक्सपायर्ड’ म्हणजे बराच वेळ हालचाल नाही म्हणून बैठक उठली. खाते मेले नाही, काम पुरे झाले असेही नाही. पुन्हा आत जाऊन पाहावे.

१०. सेव्ह आणि फाईल : सेव्ह म्हणजे जपून ठेवणे, कच्ची वही. फाईल म्हणजे दाखल करणे. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ आहे धागा! जुन्या काळी कागद दोऱ्यात ओवून ठेवत, जशी आपण बिले तारेत खोचतो. बिल लिहिले पण तारेत खोचले नाही, तर ते वाऱ्यावर. मी नेमके तेच केले होते. विवरणपत्र फाईल झाले की एआरएन नावाचा पोच क्रमांक मिळतो. तो हाती येईपर्यंत उठू नये.

जन्मभर धागा हाताळला आणि धाग्याच्याच शब्दावर अडकलो, याची मला शरम वाटली आणि हसूही आले. पुढच्या महिन्यात बिल दाखल केले, वाईच्या दुकानदाराला एआरएन पाठवला आणि स्वतः जाऊन भेटलो. रक्कम मिळाली. पूर्वीसारखी उधारी मिळायला मात्र आणखी काही महिने गेले.

आता आठवड्याचा अभ्यास. एक वही घ्या, तीन रकाने आखा. पहिल्यात पडद्यावर आलेला शब्द आपल्या लिपीत, दुसऱ्यात त्याचा अर्थ, तिसऱ्यात त्यावर काय करायचे ते. सुरुवात या पाच शब्दांनी करा : पेंडिंग, फेल्ड, सबमिट, डाउनलोड, लॉग आउट. अर्थ मुलांना विचारा. मुलांना विचारण्यात कमीपणा नाही. आणि एक नियम पाळा : न समजलेला निरोप पडद्यावर असताना संगणक बंद करू नका. आधी तो निरोप वहीत उतरवा.